हिशेब जुळला, पण साक्षीदार कुठे आहे? स्ट्रिंग थिअरी, कृष्णविवरे आणि दोन मराठी नावे

 

मागच्या वेळी आपण मूलकणांपर्यंत येऊन थांबलो होतो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांतला एक फार वेळा आला: ‘स्ट्रिंग थिअरीला प्रयोगाचा पुरावा नाही म्हणतात, मग पन्नास वर्षं इतकी हुशार माणसं तिच्यामागे का?’ दुसरा प्रश्न एकदाच आला. उमरखेडकडच्या, बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलीने विचारले होते, ‘मला याच विषयात संशोधन करायचं आहे, पण ज्याच्यावर आयुष्य घालवायचं तेच खरं नसलं तर?’ आम्हाला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटला. पहिल्यात कुतूहल आहे, दुसऱ्यात एका माणसाची पंचवीस-तीस वर्षे पणाला लागलेली आहेत.

आम्ही भौतिकशास्त्राचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे. समीकरणे सोडवून दाखवणे आमचे काम नाही आणि तसा आव आम्ही आणणार नाही. पण ‘पुरावा कशाला म्हणायचे’ हा प्रश्न आमच्या घरचा आहे. आज तेवढाच एक धागा धरून बोलू.

मागचे थोडक्यात. पदार्थ क्वार्क आणि इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांचा बनलेला आहे. त्यांच्यातली तीन बले आपल्याला उत्तम समजतात. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने हिग्ज कण सापडल्याचे जाहीर केले आणि या चित्रातली शेवटची रिकामी जागा भरली. बाहेर राहिले ते गुरुत्वाकर्षण. आइन्स्टाइनचे गुरुत्वाकर्षण आणि अणूच्या पोटातले क्वांटमचे नियम, दोघेही आपापल्या घरी बरोबर. पण एका छपराखाली आणले की उत्तरे अनंतात जातात. एकत्र नांदतच नाहीत.

स्ट्रिंग थिअरी म्हणते, मूलकण हा ठिपका नाही, अतिसूक्ष्म तंतू आहे. तंबोऱ्याची एकच तार वेगवेगळी कंप पावते आणि आपल्याला वेगवेगळे स्वर ऐकू येतात. तसे एकाच तंतूचे वेगवेगळे कंप आपल्याला वेगवेगळे कण म्हणून दिसतात. गंमत अशी की ही कल्पना गुरुत्वाकर्षणासाठी जन्मलेलीच नव्हती. १९६८ मध्ये व्हेनेत्सियानो यांनी अणुकेंद्रातल्या बलासाठी एक सूत्र मांडले, आणि पुढे कळले की ते सूत्र कंप पावणाऱ्या तंतूचे आहे. त्या कामासाठी ते नीट बसेना, कारण त्यातून एक नको असलेला कण निघत होता. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्झ यांनी, आणि जपानमध्ये योनेया यांनी ओळखले की हा नको असलेला पाहुणा म्हणजे गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कण, ग्रॅव्हिटॉन. ज्याला घरात घेण्यासाठी सगळे धडपडत होते, तो न बोलावता दारात उभा!

किंमत मात्र मोजावी लागली. हे गणित सुसंगत राहायचे तर अवकाशाला नऊ मिती हव्यात, आणि वर काळ. आपल्याला दिसतात तीन. बाकीच्या सहा कुठे? आपल्या शेतातलेच पाहा. रस्त्यावरून पऱ्हाटीची काडी नुसती एक रेघ दिसते, वर किंवा खाली एवढीच दिशा. पण त्या काडीवर बसलेल्या माव्याला विचारा. त्याला वर-खाली जाता येते आणि काडीभोवती गोलही फिरता येते. ती दुसरी दिशा आपल्यालाही आहेच, पण इतकी आखूड की लांबून दिसत नाही. उरलेल्या सहा मिती अशाच गुंडाळलेल्या असाव्यात, असे हे लोक म्हणतात.

आणि ब्रेन. हा मेंदूचा ब्रेन नव्हे बरं का! मेम्ब्रेन म्हणजे पडदा, त्याचे शेपूट धरून केलेला शब्द. तंतू दोन प्रकारचे: वळ्यासारखे बंद आणि दोन टोकांचे उघडे. उघड्या तंतूची टोके कुठे तरी टेकायला हवीत; ती जिथे टेकतात तो पृष्ठभाग म्हणजे ब्रेन. तो कापडासारखा दोन मितींचा असेल, दोरीसारखा एका मितीचा असेल, नाहीतर तीन किंवा अधिक मितींचा. १९९५ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी दाखवले की ब्रेन ही केवळ टोके टेकवायची सोय नाही. त्याला स्वतःचे वजन आहे, भार आहे. तो तंतूइतकाच खरा घटक आहे. आपल्या आजच्या गोष्टीत या ब्रेनला महत्त्वाचे काम आहे.

अडचण कुठे? हे तंतू प्रोटॉनपेक्षा एकावर वीस शून्ये इतक्या पटींनी लहान असावेत असा साधारण अंदाज. ते थेट पाहायचे तर सर्नच्या सत्तावीस किलोमीटर घेराच्या यंत्रापेक्षा एकावर पंधरा शून्ये इतक्या पट ऊर्जा लागेल. असे यंत्र आपण कोणी बघणार नाही, आपले पणतूही नाही. या सिद्धान्ताशी जवळचे नाते असलेले अतिसममितीचे जोडीदार कण सर्नमध्ये दिसतील अशी पुष्कळांना आशा होती. तेही आजवर दिसलेले नाहीत. हे झाकून कोणी स्ट्रिंग थिअरीची तारीफ करत असेल, तर त्याच्यापासून सावध राहावे.

मग एवढी माणसे टिकून का आहेत? इथे आता कृष्णविवराकडे जाऊ, कारण थिअरीचा सगळ्यात भक्कम पाय तिथे रोवलेला आहे.

जिनिंगमध्ये कापसाची गठाण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बाहेरून तिच्याबद्दल काय सांगता येते? वजन, लांबी-रुंदी, फार तर प्रत. आतला प्रत्येक तंतू कसा वळला, कुठे दबला, हे बाहेरून कळत नाही. आतली मांडणी कोट्यवधी प्रकारांनी बदलली तरी बाहेरून गठाण तीच. ‘बाहेरून सारखे, आतून किती प्रकारचे’ या संख्येचे जे माप, त्याला भौतिकशास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात. तंतोतंत सांगायचे तर त्या संख्येचा लॉगॅरिदम. गठाण दुप्पट मोठी, तर एन्ट्रॉपी दुप्पट. आतला माल वाढला की वाढणार, साधी गोष्ट आहे.

कृष्णविवर म्हणजे बाहेरून सर्वांत कमी माहिती देणारी गठाण. वस्तुमान, फिरणे आणि विद्युतभार, संपले. १९७२ च्या सुमारास याकोब बेकेनस्टाइन नावाच्या तरुणाने म्हटले, कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी असली पाहिजे. हॉकिंग यांना आधी ते पटले नव्हते. १९७४ मध्ये त्यांनी स्वतःच गणित केले आणि बेकेनस्टाइन बरोबर ठरला. शिवाय आकडाही मिळाला: कृष्णविवराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ निसर्गाच्या सर्वांत लहान एककात मोजा आणि त्याला चारने भागा.

यातले आश्चर्य लक्षात येते का? एन्ट्रॉपी आतल्या मालावर नाही, वरच्या बारदानावर अवलंबून आहे! आणि दुसरे: हॉकिंग यांनी ‘किती प्रकार’ हे सांगितले, ‘कशाचे प्रकार’ हे सांगितलेच नाही. वहीत एकूण बेरीज लिहिली आहे आणि वरच्या ओळी कोऱ्या. वीस वर्षे त्या ओळी कोऱ्या राहिल्या.

१९९६ च्या जानेवारीत अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरुन वाफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवरापुरत्या त्या भरल्या. रीत अशी. गणितात गुरुत्वाकर्षणाचा जोर कमी करत न्या. मग कृष्णविवर उरत नाही. उरतात गुंडाळलेल्या मितींवर लपेटलेले ब्रेन आणि त्यांवर थरथरणारे उघडे तंतू. ते मोजता येतात. मोजा, आणि मग जोर पुन्हा वाढवा. लग्नघरी मंडळी अंगणात बसलेली असतानाच मोजून घ्यावीत, मग सगळी आत जाऊन दार लागले तरी आत किती आहेत हे ठाऊक असते, तसे. पण मध्ये कोणी मागच्या दाराने गेला-आला नाही याची खात्री हवी. ती खात्री अतिसममिती देते, आणि म्हणूनच ही रीत त्या खास कृष्णविवरांनाच लागू पडते. मोजणीचे उत्तर आले: क्षेत्रफळ भागिले चार. तो ‘चार’ कोणी हाताने घातलेला नव्हता. तो गणितातून निघाला.

आता आपल्याकडचे नाव. अतिश दाभोलकर. कोल्हापूर जिल्ह्यातले. श्रीपाद दाभोलकरांचे चिरंजीव. इथल्या जुन्या कास्तकार मंडळींना हे नाव सांगायला नको. श्रीपादराव मूळचे गणिताचे शिक्षक, पण त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्याने आपल्या दहा गुंठ्यांत स्वतः प्रयोग करावा, स्वतः मोजावे, एकमेकांना सांगावे, असा ध्यास घेतला. नरेंद्र दाभोलकर हे अतिश यांचे काका. म्हणजे ‘दाखवा, मोजा, मग बोला’ ही या घराची रीतच म्हणायची. अतिश दाभोलकर कानपूरच्या आयआयटीतून प्रिन्स्टनला गेले, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये अनेक वर्षे होते. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये इटलीतल्या ट्रिएस्ते इथे आपल्यासारख्या देशांतल्या शास्त्रज्ञांसाठी जे केंद्र काढले, त्याचे ते २०१९ मध्ये संचालक झाले. आणि टीआयएफआर म्हणजे स्ट्रिंग थिअरीच्या नकाशावरचा एखादा कोपरा नव्हे. या विषयाची जागतिक परिषद जानेवारी २००१ मध्ये त्यांनी मुंबईत भरवली, तेव्हा स्वतः हॉकिंग आले होते.

दाभोलकरांनी काय केले? १९८९ मध्ये त्यांनी आणि जेफ्री हार्वी यांनी एका गुंडाळलेल्या मितीभोवती वळसा घातलेल्या एकट्या तंतूचा अभ्यास केला. अशा तंतूच्या अवस्था नेमक्या मोजता येतात, आणि ही मोजणी आपल्याला रामानुजनपाशी नेऊन सोडते. कशी ते पाहा.

पाच ही संख्या बेरजेने किती प्रकारे लिहाल? पाच, चार आणि एक, तीन आणि दोन, तीन, एक, एक, दोन, दोन, एक, दोन आणि तीन वेळा एक, पाच वेळा एक. सात प्रकार. दहाचे बेचाळीस होतात. शंभरचे? १९,०५,६९,२९२. एकोणीस कोटींच्या वर. संख्या साधी, पण प्रकार उसळून वर जातात. १९१८ मध्ये हार्डी आणि रामानुजन यांनी या उसळीचे सूत्र शोधले. आता तंतूकडे या. त्याच्याजवळ पाच घटक ऊर्जा आहे. ती सगळी पाचव्या कंपात घालायची, की चौथ्यात आणि पहिल्यात वाटायची, की तिसऱ्यात आणि दुसऱ्यात? तोच हिशेब! फक्त तंतू अनेक दिशांनी थरथरू शकतो, त्यामुळे आकडे आणखी मोठे. १९९५ मध्ये अशोक सेन यांनी सुचवले की अशा तंतूंच्या अवस्था आणि अतिलहान कृष्णविवरांची एन्ट्रॉपी यांचा मेळ लागतो. २००४ मध्ये दाभोलकरांनी त्या कृष्णविवराच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात तंतूंमुळे येणाऱ्या बारीक दुरुस्त्या धरल्या, आणि मोजणी नीट जुळवून दाखवली.

पण आम्हाला स्वतःला ज्याने विचार करायला लावले ते पुढचे काम. ‘साधारण जुळते’ यावर ही मंडळी थांबली नाहीत. प्रकारांची संख्या म्हटली की ती पूर्णांक हवी. अडतीस प्रकार असतील, एकोणचाळीस असतील. साडेअडतीस असू शकत नाहीत. मग गुरुत्वाकर्षणाच्या बाजूने, म्हणजे वक्र आणि अखंड अवकाशाच्या बाजूने हिशेब केला, तर तो त्या नेमक्या पूर्णांकापर्यंत पोहोचतो का?

दाभोलकर, जुआंव गोमेश आणि समीर मूर्ती यांनी २०११ मध्ये एका अतिशय सममित विश्वातल्या कृष्णविवरांसाठी हे करून पाहिले. कृष्णविवरावरच्या भारांवरून एक पूर्णांक ठरतो. तो सात असेल तर तंतू आणि ब्रेन मोजून येणारी संख्या ३९. क्षेत्रफळाचे साधे सूत्र इतक्या लहान कृष्णविवराला पेलत नाही, ते ४०७२ च्या जवळ काहीतरी सांगते. कुठे एकोणचाळीस, कुठे चार हजार! पण गुरुत्वाकर्षणाच्या बाजूच्या सगळ्या क्वांटम दुरुस्त्या नीट धरून पहिलीच मुख्य संज्ञा काढली तर येते ३८.९८६. भारांचा पूर्णांक अकरा असेल तर मोजणी १५२, गुरुत्वाकर्षणाचे उत्तर १५२.०४१. पंधरा असेल तर ५१३ आणि ५१२.९५८. दशांशात उरलेली फट भरणाऱ्या पुढच्या संज्ञा गुरुत्वाकर्षणातून कशा येतात, हे याच तिघांनी २०१४ मध्ये मांडले.

हे आकडे घरी कागदावर लिहून एकदा शांतपणे पाहा. एका बाजूला मोजणी आहे, दाणे मोजावेत तशी. दुसऱ्या बाजूला अखंड, गुळगुळीत भूमिती. त्या भूमितीला ‘एकोणचाळीस’ कोणी सांगितले?

रामानुजन इथे आणखी एकदा येतात. जानेवारी १९२० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, हार्डींना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी ‘मॉक थीटा’ नावाची विचित्र फलने कळवली होती. २०१२ मध्ये दाभोलकर, मूर्ती आणि गणितज्ञ डॉन झगियर यांनी दाखवले की काही कृष्णविवरांच्या मोजणीत त्याच कुळातली फलने हजर होतात. खोलात आज जात नाही. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

एक आडवळण घेतो, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. ‘हे सगळं आपल्या नादब्रह्मात आधीच सांगितलं आहे ना?’ नाही हो. नादब्रह्म ही मोठी कल्पना आहे, आम्ही ती आयुष्यभर शिकवली. पण तिच्यातून एकोणचाळीस हा आकडा काढून दाखवा. चाळीस का नाही, हे सांगा. तंतू आणि नाद यांत शब्दाचे साम्य आहे; हिशेबाचे साम्य नाही. असे दावे करून आपण ना उपनिषदांचा मान राखतो, ना विज्ञानाचा.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे. हिशेब जुळला म्हणजे पुरावा झाला का?

नैयायिक अनुमानाचे उदाहरण देतात ते आपल्याला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. पण हे म्हणायचा अधिकार कुठून आला? स्वयंपाकघरात आपण धूर आणि अग्नी वारंवार बरोबर पाहिलेले आहेत. त्या नात्याला व्याप्ती म्हणतात. तंतूचे असे स्वयंपाकघरच नाही. तंतू आणि कृष्णविवर बरोबर कोणी कधी पाहिले आहेत? म्हणजे हे त्या अर्थाने अनुमान नाही.

मग काय आहे? मीमांसकांनी एक वेगळे प्रमाण मानले आहे, अर्थापत्ती. देवदत्त चांगला गुटगुटीत आहे, पण दिवसा जेवत नाही. मग तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्री जेवताना त्याला पाहिलेले नाही. पण तसे मानल्याशिवाय दोन ठाऊक असलेल्या गोष्टींचा मेळ बसत नाही. (नैयायिक याला वेगळे प्रमाण मानत नाहीत, अनुमानातच घालतात, ते भांडण आज सोडून देऊ.) स्ट्रिंग थिअरीचा सगळा जोर या जातीचा आहे. कृष्णविवराला एन्ट्रॉपी आहे, हे हॉकिंगचे गणित सांगते. बाहेरून मात्र आत काहीच वेगळेपण दिसत नाही. तेव्हा आत मोजण्यासारखे काही असलेच पाहिजे.

इथपर्यंत ठीक. पण अर्थापत्तीची एक अट मीमांसक कधी सोडत नाहीत: दुसऱ्या कोणत्याही रीतीने मेळ बसता कामा नये. देवदत्ताच्या अंगावर सूज असेल तर? मग रात्रीचे जेवण सिद्ध होत नाही.

आणि इथेच आपले दुसरे मराठी नाव येते. अभय अष्टेकर. जन्म धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा, १९४९ चा. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत लिहिली, आणि त्यावर ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ नावाची दुसरी वाट उभी राहिली. तिथे नऊ मिती नाहीत, अतिसममिती नाही, सगळे कण एकाच तंतूचे अशी प्रतिज्ञाही नाही. म्हणणे असे की अवकाश हेच विणलेल्या कापडासारखे आहे. लांबून सलग, जवळून धागे. क्षेत्रफळही सुट्या घटकांतच मिळते. कृष्णविवराच्या पृष्ठभागाला हे धागे जागोजाग भेदून जातात. त्या भेदांच्या मांडण्या मोजा. १९९८ मध्ये अष्टेकर, बाएझ, कोरिची आणि क्रास्नोव्ह यांनी मोजल्या. उत्तर? एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात!

दोन वेगळ्या वाटा, आत काय आहे याची दोन वेगळी चित्रे, आणि पाटी एकच. वादात नेहमी होते तसे इथेही दोन्हीकडचे भक्त आपापलीच बाजू सांगतात, म्हणून आम्ही दोन्हींतले उणे सांगतो. लूपच्या हिशेबात एक संख्या आधी मोकळी असते. ‘भागिले चार’ यावे म्हणून ती ठरवून घ्यावी लागते. एकदा ठरवली की मग ती अनेक प्रकारच्या कृष्णविवरांना चालते, आणि त्यांत आकाशातल्यासारखी साधी कृष्णविवरेही बसतात. स्ट्रिंगवाल्यांचा ‘चार’ आपोआप येतो, पूर्णांकापर्यंत जुळतो. पण तो ज्यांना लागू आहे ती कृष्णविवरे आपल्या आकाशात नाहीत आणि तशी अतिसममितीही आपल्या जगात दिसलेली नाही. एकाने आकाशातल्या वस्तूला हात घातला, पण माप जुळवून घेतले. दुसऱ्याचे माप चोख, पण वस्तू आदर्श जगातली.

आमचा कल विचाराल तर स्ट्रिंगच्या हिशेबाकडे थोडा जास्त आहे. जुळवून न घेता येणाऱ्या ३८.९८६ चा आमच्यावर परिणाम होतो, तो लपवत नाही. पण अर्थापत्ती पुरी झाली असे म्हणता येत नाही, कारण सूज असण्याची शक्यता उरलेली आहे आणि ती शक्यता शिरपूरच्या माणसाने नीट गणिताने दाखवली आहे.

वाद तिथेच अडकला आहे का? पूर्ण नाही. ‘क्षेत्रफळ भागिले चार’ ही हिशेबाची पहिली ओळ. तिच्याखाली दुसरी, बारीक ओळ असते. ती क्षेत्रफळाच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात. २०१२ मध्ये अशोक सेन यांनी साध्या, न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी ही ओळ काढली. त्यासाठी तंतू आहेत की लूप हे ठरवावेच लागत नाही. गुरुत्वाकर्षण आणि वस्तुमान नसलेले कण यांचे ठाऊक नियम पुरतात. म्हणजे आतले चित्र कोणतेही असो, ते या ओळीशी जुळलेच पाहिजे. आणि सेन यांनी नोंदवले की लूप पद्धतीच्या तेव्हाच्या उत्तराशी ही ओळ जुळत नाही. त्यावर चर्चा आहे, वाद मिटलेला नाही. पण दुर्बिणीशिवाय, निव्वळ कागदावर एखाद्या कल्पनेला अडचणीत आणता येते, हे इथे दिसते.

आता आपल्या दाराशी काय चालले आहे ते. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा. पलीकडे हिंगोली जिल्हा. तिथे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत लेसरचा प्रकाश. दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात तरंग उठतात आणि या भुजांची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते. तो बदल पकडायचा. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग पकडला. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे मिळून ६२ पटींचे एक झाले आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान तरंगांत निघून गेले. वजन घटले, पण पृष्ठभाग? हॉकिंग यांचे १९७१ चे प्रमेय सांगते की एकूण क्षेत्रफळ घटता कामा नये. २०२१ मध्ये त्याच तरंगाच्या नोंदी तपासल्या गेल्या. क्षेत्रफळ घटलेले नव्हते.

म्हणजे हिशेबाच्या वहीतली एकूण रक्कम आता निरीक्षणाच्या टप्प्यात आली आहे. वरच्या ओळी नाहीत. त्या ६२ पटींच्या कृष्णविवरात किती प्रकारच्या अवस्था असतील? ती संख्या लिहायला घेतली तर अंकच एकावर ऐंशी शून्ये इतके होतील. कुठे आपले एकोणचाळीस आणि कुठे हे! औंढ्याचे यंत्र तंतू पाहणार नाही, लूपही पाहणार नाही. तशी बातमी कुठे वाचलीत तर विश्वास ठेवू नका. पण कृष्णविवरांबद्दल ज्या गोष्टी आजवर फक्त वहीत होत्या, त्यांतल्या काही तिथे मोजल्या जातील, आणि त्या दोन्ही वाटांना पाळाव्या लागतील.

आता उमरखेडच्या त्या मुलीला. बेटा, हे खरे निघेल अशी हमी तुला कोणी देऊ शकत नाही. आम्ही तर नाहीच. पण तुझ्या प्रश्नाचे दोन भाग कर. ‘जग तंतूंचे आहे का’ याला आज उत्तर नाही, आणि तुझ्या हयातीत न मिळण्याची शक्यता बरीच आहे. ते सहन होणार नसेल तर पैनगंगेपलीकडे जा. प्रयोगातल्या भौतिकशास्त्रालाही तितकीच हुशारी लागते, आणि इंजिनिअरिंग, प्रकाशशास्त्र, आकडेवारी यांतली माणसे तिथे लागणार आहेत. पण ‘गुरुत्वाकर्षण आणि मोजणी यांचे नाते काय’ हा प्रश्न तुला झोपू देत नसेल, तर त्याचे काम वाया जात नाही. व्हेनेत्सियानोंचे सूत्र ज्या कामासाठी केले त्या कामाला आले नाही, दुसऱ्याच कामाला आले. १९९६ ची मोजणी, २०११ चे आकडे, रामानुजनच्या फलनांचे नवे गणित, हे सगळे उद्या तंतू नसले तरी खोटे होत नाही. ते सिद्ध झालेले गणित आहे. आधी रेषीय बीजगणित आणि क्वांटम यांत्रिकी पक्की कर. अर्धे लोक ब्रेनवरचे व्हिडिओ पाहतात आणि हे दोन विषय टाळतात.

आणि सर्वांसाठी घरचे काम. सहा ही संख्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते ते आज रात्री काढा. अकरा आले पाहिजेत. दहा आले तर एक कुठेतरी निसटला आहे. बारा आले तर एक दोनदा मोजला आहे. जमले की सात घ्या.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले ते गृहस्थ बराच वेळ हात वर करून आहेत. बोला.